पाटीच्या गाण्याचा जॉइंट

धुळ्यात तेव्हा डीजे हा शब्द नुकताच आला होता आणि तो कोणाला लावायचा यावर एकमत नव्हतं. ज्याच्याकडे मोठे बॉक्स तो डीजे, असं पोरांचं म्हणणं. कौतिक बिऱ्हाडेकडे बॉक्स नव्हते. त्याच्याकडे दोन कॅसेट डेक, एक मिक्सर आणि पन्नाशीला टेकलेलं वय, एवढंच होतं. पारोळा रोडला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळक्या मोटारी यायच्या, कौतिक त्यातली काळी पडलेली तार उचकटून काढायचा आणि नवी भरायचा. असा माणूस जयंतीच्या मिरवणुकीत गाणी जोडणार म्हटल्यावर गल्ली हसली. हसणारच. गल्लीला हसायला काहीतरी लागतंच.

मिक्सर घरी आला तेव्हा शेजारणी चटणीचं भांडं शोधत होत्या. प्रमिलाबाईही हसली होती. तिच्या हसण्याला आवाज नव्हता. खांदे हलायचे आणि गळ्याला बांधलेला सुती रुमाल फुगायचा, त्यावरून ओळखायचं.

प्रमिलाबाई म्हणजे कौतिकची बायको. एके काळी तिचं गायन पार्टीत नाव होतं. जयंतीच्या दिवसांत शिरपूरपासून चाळीसगावापर्यंत तिला बोलावणं यायचं. स्टेजवर उभी राहून तिने पहिली हाक दिली की मागची बसलेली माणसं उठून पुढे यायची. शाळेत कधी गेली नाही, सही शिकली नाही, पण गाणी स्वतः रचायची आणि डोक्यात ठेवायची. त्यातलं पाटीचं गाणं सगळ्यात गाजलेलं. एक पोरगी बापाकडे हट्ट धरते, 'बाबा, पाटी घेऊन दे, गोवऱ्या नाही मी थापायची.' त्या 'बाबा'वर ती आवाज असा लांबवायची की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगी अंगणात पाय आपटत उभी आहे. त्या हाकेच्या शेवटी तिच्या आवाजाला एक बारीक धार यायची, नव्या पाटीवर पेन्सिल घासल्यासारखी. कौतिक त्या धारेवरच भाळला होता, असं पार्टीतल्या बाया म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

मग गळ्यात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं. गाठीबरोबर आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली. बाई वाचली. गळ्याला भोक राहिलं, त्यावर रुमाल आला. ती ओठ हलवून बोलायची, चुटकी वाजवून हाक मारायची. कौतिकला तिचं ओठांवरचं सगळं समजायचं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. चारचौघांत तिने ओठ हलवले की तो लगेच मोठ्याने सांगायचा, जणू तिचा सरकारी दुभाषा.

तिचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, एका कॅसेटमध्ये. कोणत्या तरी जयंतीला हिलाल ढोलकीवाल्याने स्टेजखाली टेपरेकॉर्डर ठेवून पाटीचं गाणं भरून घेतलं होतं. त्याच्याकडची कॅसेट त्याच्या पोराने वर सिनेमाची गाणी भरून संपवली. त्याने कौतिकला काढून दिलेली तेवढी वाचली.

आता कौतिकच्या डोक्यात काय भरलं होतं ते सांगतो. जयंतीच्या मिरवणुकीत, चौकात, मोठ्या बॉक्सवरून, प्रमिलाचा आवाज वाजला पाहिजे. ऑपरेशननंतर ती मिरवणुकीला यायची ती लांब उभी राहायची. पूर्वी जिच्यासाठी वाट करून द्यायचे, ती आता कोण हे नव्या पोरांना माहीतही नव्हतं. ते कौतिकला सहन होत नव्हतं. एकदा, फक्त एकदा, हजार माणसांनी थांबून तिचा आवाज ऐकावा आणि ती तिथे उभी असावी. त्याने तिला तसं कबूल केलं होतं. तिने मान हलवली, नाही म्हणाली नाही, पण त्या दिवशी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं.

मिरवणुकीचं गाण्यांचं खातं होतं भटूकडे. भटू मंडळाचा तरणा पुढारी, गॉगल आणि निळा फेटा, मनाने वाईट नव्हता. कौतिकने विषय काढल्यावर त्याने डोकं खाजवलं.

"कौतिकभाऊ, जुनं गानं लावं का पोरे बठी जातस," तो म्हणाला. "मांगला वरीस दखं ना तुम्ही? गानं बदलाले जराशी जागा पडनी, तं निम्मी मिरवणूक रसवालाकडे गई."

"ते गानं ऐकीसन कोनी बठनार नही," कौतिक म्हणाला.

"मंग एक काम करा. चालू ठेकामा जोडा. एकच डाव, चौकमा. ठेका तुटाले नको. तुटना, तं मी लगेच दुसरं लावसू, मंग माले बोलानं नही."

अट झाली. कौतिकने ती उचलली, आणि दुसऱ्या दिवशी एस्टीने जळगाव गाठलं.

जळगावात पिंप्राळ्याला लीलाधर चौधरींचं साउंडचं काम होतं. खानदेशात दोन डेकवर गाणी जोडून वाजवणारे जे दोन-तीन जण, त्यांतले ते एक. मिक्सर आणि डेक कौतिकने त्यांच्याकडूनच जुने घेतले होते, आणि जयंतीला बॉक्सही तेच देणार होते. त्यांनी गाणं एकदा ऐकलं आणि भुवया वर गेल्या.

"अवघड आहे कौतिकभाऊ," ते म्हणाले. "ढोलकी हाताची आहे. हा तुमचा हिलाल पहिल्या कडव्यात घाई करतो, दुसऱ्यात दमतो. मशीनचा ठेका काही दमत नाही. जोडाल कसं?"

"सराव करीन."

"किती करणार?"

"लागंल तेवढा."

लीलाधरभाऊंनी चहा बशीत ओतला. "तसं नका करू. रोज अर्धा तास, पाऊण तास. त्याच्यावर कानाला काही कळत नाही, माणसाला फक्त वाटतं की कळतंय. आणि ह्या कॅसेटवर तर अजिबात नाही. हिची कॉपी काढा, कॉपीवर हात बसवा. ही कपाटात ठेवा, चौकात काढा."

कौतिकने मान डोलावली. घरी येऊन त्याने आपल्या दोन डेकवर कॉपी काढलीही. पण कॉपीत पाऊस पडल्यासारखा खरखराट आला, आणि वेगात केसाएवढा फरक पडला. कॉपीवर बसलेला हात मूळ कॅसेटवर घसरायचा. ढोलकीची पहिली थाप ठेक्याच्या अलीकडे पडायची, नाहीतर पलीकडे. आठवडाभर त्याने डोकं फोडलं. शेवटी म्हणाला, जे चौकात वाजणार, त्याच्यावरच सराव. आणि ठेका भरायला रिकामी कॅसेट हवीच होती, म्हणून त्या कॉपीवरच त्याने ठेका भरून घेतला. तसा हिशेबी माणूस. वाया काही घालवायचा नाही.

सराव सुरू झाला. दुकान बंद करून यायचा, हातपाय धुवायचा आणि डेकसमोर बसायचा. डावीकडे ठेका, उजवीकडे प्रमिला. तिची हाक आधी सुरू करायची, ती हवेत तरंगत असतानाच ठेका खालून आणायचा, आणि हाक संपते तिथे ढोलकीची थाप बरोबर ठेक्यावर पडली पाहिजे. डाव्या अंगठ्याखाली वेगाचं बटण, उजव्या हाताखाली आवाजाची पट्टी. चुकलं की थांबव, मागे घे, पुन्हा लाव. 'बाबाऽऽ'. थांबव. मागे. 'बाबाऽऽ'. गाणं पुढे जायचंच नाही. पाटी मागायची पाळी त्या पोरीवर येतच नव्हती, नुसती हाका मारत बसली होती.

पहिले पहिले दिवस प्रमिलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची. हातात पोळीची उंडी तशीच. ओठ हलायचे, गाण्याबरोबर. कौतिक चोरून तिच्याकडे पाहायचा आणि त्याला वाटायचं, आपण आयुष्यात एक तरी गोष्ट धड करतोय. खरं तर त्या दिवसांत दोघं सुखात होती. तेवढंच सुख त्यांच्या वाट्याला होतं, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला घरात घेतलं नसतं.

दिवाळी गेली, थंडी पडली. शेजारी जेवायला बसले की भिंतीपलीकडून हाक यायची आणि कोणी तरी म्हणायचं, लागला कौतिक. पोरांना हाक पाठ झाली. मोटारी मात्र दुकानात पडून राहू लागल्या. केळीवाले शेतकरी शिरपूरहून टेम्पोत मोटार टाकून यायचे आणि शिव्या देऊन दुसरीकडे जायचे. कौतिकला त्याचं काही नव्हतं. दहा वेळा लावलं तर आता सहा वेळा थाप बरोबर पडत होती. पाऊण तासाचे दोन तास झाले, दोनाचे तीन. सुट्टीच्या दिवशी तर दुपारपासून. एकदा थाप बरोबर पडली की ती नशिबाने पडली नाही ना, हे पाहायला पुन्हा लावायचा. सरावाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की ते कधी पुरे म्हणत नाही.

एका संध्याकाळी प्रमिलाबाई येऊन त्याच्या समोर बसली. तिने डेककडे बोट केलं, मग आपल्या कानाकडे, मग तळहात उपडा करून हळूहळू जमिनीपर्यंत खाली नेला. ओठ हलवून म्हणाली, आवाज जाई ऱ्हायना.

कौतिकला वाटलं, ती म्हणते आवाज बाहेर जातोय, शेजाऱ्यांना त्रास होतोय. दोन दिवसांपूर्वीच पलीकडच्या म्हाताऱ्याने कुरकुर केली होती. त्याला जरा वाईट वाटलं, पण बायकोचं ऐकायचं म्हणून त्याने गावातून हेडफोन आणले. मोठ्या हौसेने तिला दाखवले. आता कोणाला त्रास नाही. ती त्या हेडफोनकडे पाहत राहिली. मग त्याचा हात धरून तिने पुन्हा तळहात खाली नेला. "हां हां, आते बाहेर जानारच नही," तो म्हणाला आणि कानाला लावून मोकळा झाला. तिचे ओठ त्याने एवढी वर्षं वाचले, आणि ज्या दिवशी वाचायला हवे होते त्या दिवशी तो डेककडे पाहत होता.

त्यानंतर घरात शांतता. कौतिक हेडफोन लावून डोळे मिटून बसलेला, चाकं फिरताहेत, थांबताहेत, मागे जाताहेत, आणि बाहेर काहीच ऐकू येत नाही. प्रमिलाबाई दारात येईनाशी झाली. ओट्यावर जाऊन तांदूळ निवडायची, निवडून झालेले पुन्हा निवडायची.

कॅसेटची पट्टी म्हणजे काय, प्लॅस्टिकची फीत आणि तिच्यावर तांबूस मसाला. आवाज त्या मसाल्यात. एकाच जागी सतत लाव-काढ केली की मसाला डेकच्या डोक्याला, म्हणजे हेडला, चिकटतो, फीत ताणली जाते. कौतिक दर दोन दिवसांनी डेकचं डोकं स्पिरिटने पुसायचा. कापसाचा बोळा तांबडा निघायचा. तो म्हणायचा, धूळ फार. धुळ्यात राहतो, धूळ असणारच. रोज मोटारींची झिजलेली बेअरिंगं काढणारा माणूस, पण स्वतःच्या हाताखालची झीज त्याला दिसली नाही. दिसणार कशी? आवाजाची धार आधी गेली, रोज थोडी थोडी. जेवढी कॅसेटमधून गेली, तेवढी त्याचा कान आपल्या पदरची घालत गेला. त्याला वाटायचं, तो तीच हाक ऐकतोय.

मार्चमध्ये दहापैकी दहा वेळा थाप बसायला लागली. त्याने थांबायला हवं होतं. थांबला नाही. दहापैकी दहा ही काही खात्री नव्हे, असं त्याला वाटलं.

जयंतीचा दिवस उजाडला. सकाळी वंदना झाली, नवे पांढरे कपडे, दारोदार निळे झेंडे. दुपारच्या एस्टीने जळगावहून लताबाई आली. लताबाई पार्टीत प्रमिलाच्या शेजारी उभी राहून कोरस धरायची. नवऱ्याची बदली झाली तशी पिंप्राळ्याला गेली, ती ऑपरेशनच्याही आधी. मध्ये एकदा भेटून गेली होती, तेव्हा दोघी नुसत्या रडल्या होत्या. या वेळी प्रमिलाबाईने निरोप पाठवून तिला मुद्दाम बोलावलं होतं. ठेवणीतली पांढरी साडी नेसली, रुमालही धुतलेला, कडक. कौतिकने ते पाहिलं आणि कॅसेट खिशात जपून ठेवली.

ऊन उतरल्यावर मिरवणूक निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लीलाधरभाऊंचे बॉक्स माणूसभर उंच रचलेले, पुढे टेबल, टेबलावर डेक. कौतिक मांडी घालून बसला. भटू शेजारी. पोरं बेभान नाचत होती, गुलाल नाही, निळी भुकटी उडत होती. चौक जवळ आला तशी कौतिकने पाटीच्या गाण्याची कॅसेट उजव्या डेकमध्ये घातली. चौकाच्या कडेला बाया उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे प्रमिलाबाई, तिच्या खांद्यावर लताबाईचा हात.

"आते!" भटू ओरडला.

कौतिकने डावीकडचं चालू गाणं उतरवलं, हाक सोडली, त्या गाण्यापुढे भरून ठेवलेला ठेका खालून आणला. अंगठा आपोआप हलला. हाक संपली आणि हिलालची थाप ठेक्यावर अशी पडली की दोन हात एकाच वेळी पडावेत. केसाचाही फरक नाही. पोरांचे पाय क्षणभरही थांबले नाहीत. भटूने दोन्ही हात वर केले. एवढ्या महिन्यांचं काम फळाला आलं होतं, आणि कौतिकच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याने मान वर करून प्रमिलाकडे पाहिलं.

ट्रॉली तिच्या अगदी समोर आली होती. प्रमिलाबाई उभी होती तशीच उभी होती. लताबाई मात्र बॉक्सकडे कान करून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. त्या प्रचंड बॉक्समधून गोधडीखालून बोलावं तसा कोणाचा तरी दबका, डुलणारा आवाज येत होता. 'पाटी' मधला ट नव्हता, 'थापायची' मधला च नव्हता. धार नव्हती. हेडफोन आणल्यानंतर कौतिकने तो आवाज पहिल्यांदाच उघड्यावर ऐकला.

लताबाई प्रमिलाच्या कानाशी ओरडली, आणि ट्रॉली इतकी जवळ होती की कौतिकलाही ते ऐकू आलं. "हाई आपलं पाटीनं गानं शे ना वं? कोन गाई ऱ्हायनी हाई? बाई शे का बाप्या शे, काहीच समजस नही."

प्रमिलाबाईने कौतिककडे पाहिलं. नजरेत राग असता तर त्याने तो आनंदाने घेतला असता. मग तिने लताबाईकडे तोंड वळवलं आणि ओठ हलवले. ते वाचायला कौतिकला कोणाची मदत लागली नाही.

"कोनजाने," ती म्हणाली होती.

लताबाईने मान हलवली आणि ठेक्यावर टाळ्या धरल्या. प्रमिलाबाई मागे सरली. पुढे येणाऱ्या बायांनी तिची जागा घेतली आणि मग तिची पांढरी साडी इतर पांढऱ्या साड्यांत ओळखू येईना.

भटूने कौतिकला मिठी मारली. "जॉइंट एक नंबर, भाऊ! कोनलेच समजनं नही गानं कव्हय बदलनं. रोज कितला टाइम प्रॅक्टिस करी तुम्ही? माले बी शिकनं शे."

   त्याने कौतिकच्या पाठीवर थाप मारली आणि तो पोरांत उतरून नाचायला लागला.

कौतिक त्या गोंगाटात डोळे मिटून बसला आणि बायकोचा आवाज आठवू लागला. गाणं नाही, घरातला आवाज. सकाळी चहाला हाक मारायची तो. भांडताना वर चढायचा तो. लग्नानंतर पहिल्यांदा त्याचं नाव चुकून घेतलं आणि जीभ चावली तो. एकेक प्रसंग डोळ्यांसमोर आला, चूल दिसली, तिचा पदर दिसला, तोंड उघडलेलं दिसलं. आणि प्रत्येक वेळी त्या तोंडातून तोच आवाज निघाला, गोधडीखालचा, डुलणारा, बिनधारेचा. त्याने जोर लावला, दात आवळले. दुसरा आवाज डोक्यात कुठेच नव्हता. कॅसेट झिजली ती झिजली, त्याच्या आतलीही झिजून गेली होती. बायकोचा आवाज कसा होता, ते आता त्यालाही माहीत नव्हतं.

खालून पोरं ओरडायला लागली. पाटीचं गाणं संपलं होतं, नुसता ठेका वाजत होता. कौतिकने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, उजव्या डेकमध्ये पाटीच्या जागी पुढची कॅसेट घातली आणि अंगठा बटणावर ठेवला. जॉइंट तुटला नाही.